आपणहून कॉल उचलणारा फोन

“तुझ्या फोनवर मिस्ड कॉल जात नाय,” मुरबाडचे डेअरीवाले शेठ काउंटरवरूनच म्हणाले. मी शहापूरहून धावत आले होते. ही ऑर्डर गेली तर माझं वर्कशॉप बंद, आणि परत ठाण्याच्या कंपनीत नोकरी. घरातली पहिली इंजिनीअर हरून परत गेली, हे गावाला वर्षभर पुरलं असतं.

शेठचे टेंपोवाले गाडी चालवताना रील बघायचे. म्हणून त्यांना नुसतं बोलता येईल असे बटणांचे फोन हवे होते. असे फोन मी स्वतः जोडते, आणि नमुन्याचा एक शेठना वापरून बघायला दिला होता. आतलं फर्मवेअर म्हणजे कुठलं बटण दाबल्यावर काय करायचं, हे फोनला सांगणारा प्रोग्राम. माझा ओपन सोर्स आहे; कुणीही उघडावा, बदलावा. एका परदेशी माणसाने तो लिहिला आणि वेळ नाही म्हणून सोडून दिला. कुणी सांभाळेल का, असं त्याने विचारलं होतं. मी हो म्हटलं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, “फुकट देतात ती म्हस लाथ मारती. नीट बघ गो.” मी भिंतीवरच्या डिग्रीकडे बोट दाखवलं.

मिस्ड कॉल म्हणजे न उचललेला कॉल, त्यात फोनचं काय बिघडणार, असं मी शेठना समजावू लागले. ते म्हणाले, आमचा धंदाच त्यावर चालतो. एक रिंग म्हणजे निघ. दोन म्हणजे कॅन कमी पडले, माघारी ये. बोलत कोण बसतो? तो नमुन्याचा फोन टेंपोवाल्या रघूकडे होता. मग मला दाखवायला म्हणून त्यांनी त्याला रिंग दिली. स्पीकर लावून. दुकानात गिऱ्हाइकं उभी होती.

एक रिंग झाली आणि कॉल उचलला गेला. रघूला पत्ताच नाही. फोन त्याच्या खिशात, तो चहाच्या टपरीवर.

“म्हस आटली तरी चालंल रे,” तो कुणाला तरी सांगत होता, “शेठची बोरिंग नाय आटली पायजे.”

गिऱ्हाइकं आपापल्या किटलीत डोकावली. शेठनी फोन कापला.

मी तिथेच लॅपटॉप उघडला. एका रिंगनंतर कॉल आपोआप उचलायचा, अशी ओळ सापडली. लिहिणाऱ्याला मनात चार शिव्या घातल्या. मग शेजारची टीप वाचली. त्याच्या आईची बोटं चालत नव्हती, तिच्यासाठी ही सोय होती. म्हणजे चूक नव्हतीच. मी ओळ काढली नाही. मेनूत तिचा स्विच केला आणि तो बंद ठेवला.

“रघ्याचा चालू ठेव, मागं काय बोलतो ते कळंल,” शेठ हळूच म्हणाले.

“नाय जमायचं, शेठ. ज्याचा फोन, त्याचा स्विच.”

“मग ऑर्डर पण विसर.”

मी लॅपटॉप मिटला. तेवढ्यात रांगेतल्या एका आजी म्हणाल्या, “देऊन टाका तिला ऑर्डर. आन् मला आज म्हशीचं द्या.”

दुकान हसलं. शेठनी ऑर्डर दिली, बहुधा मी लवकर जावं म्हणून.

कुणी सोडलेला प्रोग्राम घेतला की मी आता आधी टिपा वाचते. आणि डेमो गिऱ्हाइकं नसताना ठेवते.