न दिसलेलं ग्रहण

काकू गेल्याची बातमी मला कॉलेजच्या वाचनालयात कळली. शेजारचा परशा सायकल मारत आला, दारातच थांबला आणि म्हणाला, "घरला चल. तुझी काकू... चल लवकर." सकाळी तिनंच मला भाकरी बांधून दिली होती. रहाटावर सुताच्या कांड्या भरता भरता कलंडली म्हणे. महिना झाला, अजून मला ते खरं वाटत नाही. त्या दिवशी माझ्या खिशात तिच्यासाठी लिहून घेतलेला एक कागद होता. चार दिवस तसाच होता...

आम्ही बेळगावातल्या शहापूरचे विणकर. आईच्या मागं काकूनंच मला वाढवलं. शाळेची पायरी ती कधी चढली नाही, पण मी कॉलेजात जावं म्हणून काकांशी भांडली. पुढं माझी चेष्टाही तीच करायची. "काय रं साहेब, सूर्य कुठनं उगवतो ते तरी सांगितलं काय आज?"

तिची लेक सुमी सोळा वर्षांची. तिचा वरचा ओठ जन्मापासून दुभंगलेला. ती पोटात असताना, ज्येष्ठातल्या अमावास्येला, निपाणीची एक बाई लेकीच्या लग्नाची साडी न्यायला दारात येऊन बसली. अमावास्येला आमच्याकडं माग बंद असतात. तरी काकूनं कात्री घेतली आणि विणून झालेली साडी मागावरून कापून उतरवली. दुपारची वेळ होती. सुमी जन्मली तेव्हा गल्लीतल्या कुणीतरी पंचांगाचं पान उघडून सांगितलं, "त्या दिवशी गिराण हुतं की गं! पोटुशी बाईनं कापाकापी केली, दुसरं काय हुणार?" पुढचं बारीक अक्षर कुणी वाचलं नाही. सोळा वर्षं काकू लेकीच्या तोंडाकडं बघायची आणि मान वळवायची.

आमचे गणिताचे प्राध्यापक ग्रहणांविषयी शिकवत होते. तास संपल्यावर मी भीत भीत विचारलं, जुन्या ग्रहणाची माहिती मिळते का? त्यांनी धुळीतून एक जाड पुस्तक काढलं, बोट फिरवत बराच वेळ बघितलं. ग्रहण त्या दिवशी होतं, पण दूर समुद्रावर. ते लागलं तेव्हा बेळगावात सूर्य मावळून गेला होता. मी ते कागदावर लिहून घेतलं. "आणि हे बघा," ते म्हणाले, "ती नुसती चंद्राची सावली. तिनं कुणाचा ओठ फाटत नाही." हे दुसरं काकूला पटलं नसतं. पण ग्रहण आपल्याकडं आलंच नव्हतं, न दिसणारं ग्रहण पाळायचं नसतं, हे नक्की पटलं असतं. तिच्याच रीतीनं ती निर्दोष होती.

मग मी का सांगितलं नाही? पहिल्या दिवशी पाहुणे होते. नंतर काका शेजारी बसलेले. खरं म्हणजे मला भीती वाटली. चार बुकं वाचून मी तिला शिकवायला निघालोय, असं तिला वाटेल... उद्या सांगू, म्हणत राहिलो.

काकूचे दिवस झाल्यावर तो कागद मी काकांना आणि सुमीला वाचून दाखवला. काका म्हणाले, "परत वाच." परत वाचला. मग काका म्हणाले, "साडी उतरीव म्हणून मीच सांगितलतं तिला. ती नको म्हणत हुती, आज अमावास्या हाय म्हणत हुती. मीच कात्री दिली हातात... गल्लीत कुणापाशी तिनं माझं नाव घेतलं न्हाय रं."

इतकी वर्षं एकाच घरात आम्ही तिघं तिच्या हातचं जेवत होतो आणि मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

परवा अमावास्या झाली. माग बंद होते. दर अमावास्येला काकू कडक उपास करायची, पाणीसुद्धा घ्यायची नाही. कशासाठी, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. परवा काकांनी ताट बाजूला सारलं. म्हणाले, "आजपासनं मी धरणार."

सुमीनं ताट परत त्यांच्या पुढं ओढलं. "जेवा, आप्पा," ती म्हणाली. "आईनं सोळा वर्सं फुकट धरला. आता तुम्ही कशाचा धरताय?"