शनिवारच्या लाउसी

वर्गात शिरल्या शिरल्या लाउसी आधी फोटो काढायच्या. मुलांचे नव्हे, टेबलांचे. कुठलं टेबल कसं ठेवलंय, खिडकीवर कागदी फुलं कुठे चिकटवलीत, कुणाची पेन्सिल कोपऱ्यात पडलीय, सगळं मोबाइलमध्ये. दुपारी शाळा सुटली की ते फोटो उघडून वर्ग होता तस्सा लावायच्या. पडलेली पेन्सिलसुद्धा पुन्हा तिथेच, जमिनीवर. मी एकदा हसले, तर शांतपणे म्हणाल्या, "वर्ग त्यांचा आहे. आपण इथे होतो हे सोमवारी कुणाला कळता कामा नये."

नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनची ही डच प्राथमिक शाळा शनिवारी चिनी शाळेला भाड्याने मिळते. ही चिनी शाळा मुलांचे आईबापच चालवतात. किल्ली, चहा, झाडू, सगळं पाळीपाळीने. आमचा मराठी वर्ग त्यांच्याच आश्रयाला. माझ्या ऑफिसातल्या चिनी मैत्रिणीने शब्द टाकला आणि आम्हाला कॉरिडॉरच्या टोकाला, जॅकेटं अडकवायच्या खुंट्यांखाली, सतरंजी टाकायला जागा मिळाली. लाउसी म्हणजे त्यांच्या भाषेत शिकवणाऱ्या बाई. सत्तरीच्या, ठेंगण्या, भर उन्हाळ्यातही स्वेटर घालणाऱ्या. सगळे त्यांना नुसतं लाउसी म्हणायचे, मग आम्हीही तेच म्हणू लागलो. आम्ही दोघी डचमध्ये बोलायचो. त्यांचं डच हॉटेलच्या काउंटरवर शिकलेलं, माझं संध्याकाळच्या कोर्सातलं. दोघींचंही मोडकंतोडकं, त्यामुळे छान जमायचं.

वर्गात कुणी डच बोललं की लाउसी ठार बहिऱ्या व्हायच्या. एकदा एक मुलगी पाणी प्यायला जाऊ का म्हणून डचमध्ये विचारत होती, तर या कानामागे हात धरून खुशाल खिडकीबाहेर बघत राहिल्या. शेवटी ती आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटली, तसं यांना लगेच ऐकू आलं. मला ही युक्ती भलतीच आवडली. पुढच्या शनिवारी आमच्या वर्गात मी बहिरी झाले. माझ्याच लेकीने शू लागल्याचं डचमध्ये सांगितलं. मी ढिम्म. तिने खांदे उडवले आणि परस्पर जाऊन आली. हे ऐकून लाउसी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "माझा मुलगाही असाच परस्पर जाऊन यायचा." तो आता रॉटरडॅमला असतो. आईचं बोलणं कळतं त्याला, पण उत्तर डचमध्ये देतो. नातवंडांना तर कळतही नाही.

लाउसी हाँगकाँगजवळच्या एका खेड्यातून लग्न होऊन इथे आल्या. नवऱ्याच्या हॉटेलात भांडी घासण्यापासून सगळं केलं. हॉटेल बंद असायचं त्या दिवशी ओळखीच्या हॉटेलवाल्यांची पोरं माळ्यावर गोळा करून त्यांना आपली भाषा शिकवू लागल्या. ती भाषा कँटनीज. त्यातूनच पुढे ही शाळा उभी राहिली. मग इथल्या कंपन्यांमध्ये चीनमधून इंजिनियर आले. त्यांना मुलांसाठी मँडरिन हवी होती. मला आपलं वाटायचं, चिनी म्हणजे चिनी. छे! एकाचं बोलणं दुसऱ्याला धड कळत नाही. अक्षरंही वेगळी दिसतात. लाउसींची जुनी, भरगच्च रेघांची, नव्यांची सुटसुटीत.

मँडरिनचे वर्ग काढायचे का, असं सभेत विचारलं तेव्हा पहिला हात लाउसींनीच वर केला होता म्हणे. मुलं तर येतील, असं त्यांचं म्हणणं. आणि आली की! खुंट्यांना जॅकेटं मावेनात. फक्त लाउसींच्या वर्गात कुणी नवं येईना. हॉटेलवाल्यांची पोरं मोठी झाली, हॉटेलं विकली गेली. शाळा वाढत गेली आणि ज्यांनी ती काढली त्या तिच्यात एकट्या पडत गेल्या. याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही, पण मला मात्र फार वाईट वाटायचं.

शेवटी एकच विद्यार्थिनी उरली होती. उंच, हसरी पोरगी. ती ग्रोनिंगनला विद्यापीठात गेली आणि वर्ग रिकामा झाला. तरी लाउसी दर शनिवारी यायच्या. फोटो काढायच्या, फळ्यावर धडा लिहायच्या आणि खुर्चीत बसून राहायच्या. दाराच्या काचेतून मला दिसायच्या. जाता येता मी तिकडे बघायचं टाळू लागले. न जाणो, कुणी आलंच तर दार बंद दिसायला नको, एवढंच त्या म्हणायच्या. कुणी आलं नाही.

एका शनिवारी त्या आमच्या सतरंजीपाशी आल्या. पोरं मांडीवर वह्या घेऊन मुळाक्षरं गिरवत होती. जरा वेळ बघत उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, "यांना माझ्या वर्गात आण. टेबलं आहेत तिथे."

"आणि तुम्ही?"

"माझा वर्ग संपला. तुझा आहे अजून."

नको, राहू दे, असं काहीबाही मी म्हणत होते, तोवर त्या मुलांच्या वह्या गोळा करून चालूही लागल्या होत्या.

महिन्याभराने शाळेने त्यांचा निरोपसमारंभ केला. हॉल गच्च भरला होता. केक होता, फुलं होती, फक्त मुलाला यायला जमलं नव्हतं. नवी मुख्याध्यापिका तरुण, मनाने फार चांगली बाई. ती मँडरिनमध्ये अगदी पोटतिडकीने बोलली. पुढच्या रांगेतले लोक डोळे पुसू लागले. लाउसी माझ्या कानाशी वाकल्या. "काय म्हणतेय गं? फार भरभर बोलते."

"मला काय कळणार, लाउसी?"

"हो, खरंच की," त्या म्हणाल्या आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवू लागल्या.

मग त्या उठल्या. सगळ्यांना वाटलं, तोडकीमोडकी मँडरिन बोलतील, नाहीतर डच तरी. लाउसींनी कँटनीजमध्ये सुरुवात केली. मी मैत्रिणीकडे पाहिलं. तिने मान हलवली, तिलाही कळत नव्हतं. हॉलमध्ये कुणालाच कळत नसावं, पण जागचं कुणी हललं नाही. लाउसींचा एवढा मोठा, मोकळा आवाज मी कधी ऐकला नव्हता. हातवारे काय करत होत्या, कुणाची तरी नक्कल काय करत होत्या! अख्खा हॉल कितीतरी वर्षांनी त्यांच्यासमोर बसला होता आणि त्या मनसोक्त बोलत होत्या. मध्येच एक वाक्य बोलून त्या थांबल्या आणि आमच्याकडे बघत राहिल्या. गमतीचं काहीतरी असावं. कुणी हसलं नाही. मग लाउसी एकट्याच हसल्या आणि पुढे बोलू लागल्या.