किन्हीराजाचा पिवळा कडबा

आजकाल जो उठतो तो समुद्रावर जातो. किन्हीराजाला फिरून आलो म्हणणारा मला अजून भेटायचाय! मी गेलो होतो, पन्नासच्या दशकात, पोळ्याच्या तोंडावर. तेव्हा मी अकोल्याला शेतकी प्रयोगशाळेत नोकरीला होतो. किन्हीराजाला दिलेल्या माझ्या ताईचा शेजारी बाजाराला आला आणि दारातूनच म्हणाला, "तुमच्या ताईचा चांद्या खाऊन नाही राह्यला. अन् तो खात नाही म्हणून ताईबी जेवत नाही."

चांद्या म्हणजे भाऊजींचा बैल. भाऊजी चैत्रात गेले, लेकरूबाळ नाही. त्यांचं म्हणून घरात जितंजागतं उरलं होतं ते हेच म्हातारं जनावर. मी पिशवीत चुन्याची पुडी टाकली आणि निघालो.

पातूरच्या घाटात मोटार अशी कण्हत होती की बाया देवाचा धावा करू लागल्या. मालेगावच्या स्टँडवर एक आण्याचा चहा, ओठाला ओठ चिकटेल इतका गोड. पुढे मिळेल ती बैलगाडी. आता तिकडे चांगली सडक आहे, पण जाणार असाल तर वाटेत भाकर-ठेचा चुकवू नका. त्या साली पावसानं दडी मारली होती. बांधावर हिरवं पान नव्हतं, आणि गाडीवान आपला राग बैलांवर काढत होता.

ताई गोठ्यातच बसलेली. किती वाळली होती! मला पाहून उठलीसुद्धा नाही.

"दात गेले रे दिगू त्याचे. कडबा चघळते अन् टाकून देते."

तिच्याजवळ गेल्या सालचा ज्वारीचा कडबा होता, जाड, बांबूसारखा. मी तो बारीक तोडला, चुन्याच्या पाण्यात भिजत घातला. धाटाच्या पेशींच्या भिंतीत काही आम्लं असतात, ती तिथल्या साखरेला घट्ट बांधलेली. आज त्यांना फिनॉलिक संयुगं म्हणतात. जनावराच्या पोटाला ती गाठ लवकर सुटत नाही. चुना ती सैल करतो, धाट मऊ पडतं, आणि सुटलेला रंग पाण्यात उतरतो.

सकाळी घमेल्यात पाणी पिवळंधम्मक. ताई कडबा काढायला वाकली आणि चटका बसल्यासारखी मागे सरली.

"हळद काहून टाकली रे? मले चालते काय आता हळद?"

सहा महिनेही झाले नव्हते तिचं कपाळ मोकळं होऊन.

"बाप्पा, हळद नाही ताई! हा रंग धाटातच होता. बांधलेला होता, चुन्यानं सोडवला."

"धाटातच होता?"

"पहिल्यापासून."

ती पाण्याकडे बघत राहिली. मग दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. चुना चावतो, लवकर काढ, म्हणून मी ओरडलो. ऐकते कशाला!

कडबा दोनदा धुतला. चांद्यानं हुंगला, तोंडात घेतला आणि गिळला! ताई रडायला लागली. दुपारी तीही माझ्यासोबत अर्धी भाकर जेवली.

त्या संध्याकाळी खांद शेकायची होती. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावतात आणि कानात आवतन देतात. दरसाल भाऊजी द्यायचे. मी तुपाची वाटी घेतली, तर ताईनं ती माझ्या हातातून काढून घेतली. हळद नकोच म्हणाली. तिचे तळहात अजून पिवळट होते. त्यांनीच तिनं चांद्याच्या खांद्यावरचा घट्टा चोळला आणि कानाशी वाकली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

सकाळी चांद्या उठला नाही. धुतलेला कडबा पुढ्यात तसाच होता.

गावात पोळा फुटला, ढोल वाजले. आम्ही दोघं शेताच्या वाटेवर, पांदीच्या कडेला, चांद्याला पुरलं त्या खड्ड्याजवळ बसून होतो. घरी ताईनं चूल पेटवली नाही. शेजारणीनं आणून दिलेली पुरणपोळी झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी मला निघायचं होतं. शेवटी तिच्या कानाशी वाकून तेच म्हणालो, "ताई, आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

"गधडा कुठला," म्हणाली, आणि हुंदके देत देत चार घास खाल्ले.

अकोल्याला परतलो, पुन्हा प्रयोगशाळेतल्या बाटल्या, पुन्हा धाटाच्या काड्या. चुन्याचं पाणी पिवळं झालं की मला तिचे हात दिसायचे. त्यानंतर दर पोळ्याला ती माझ्याकडे जेवायला यायची, थकेपर्यंत. आता तीही नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी अजून किन्हीराजाच्या दिशेला तोंड करून आवतन देतो. दुसऱ्या दिवशी एक ताट जास्तीचं वाढतो, आणि दुपार टळली की झाकून ठेवतो.