आई नव्हे, बहीण

ब्याण्णव-त्र्याण्णव साली बारामतीच्या आमच्या कॉलेजात ग्रंथालयाचे एक शिपाई होते. निरवांगी गावाहून येत. पुस्तकं लावता लावता उभ्यानंच वाचत, तेव्हा त्यांचे ओठ हलत.

एकदा पाहुणे वक्ते म्हणाले, "मातृ, मदर, सगळे शब्द संस्कृतातूनच निघाले."

आमचे शिपाई मागून उठले. "संस्कृत इंग्रजीची आई न्हाय सर, बहीण हाय. मूळ शब्द दोघींच्याही आधीचा. तो लिहिलेला कुठंच न्हाय, अभ्यासकांनी अंदाजानं बांधलाय. म्हनून पुस्तकात त्याच्याआधी चांदणीची खूण असती."

सभागृह हसलं. वक्त्यांनी माझ्याकडं पाहिलं. भाषाशास्त्र मीच शिकवत होतो. मी चष्मा पुसत राहिलो.

दुसऱ्या दिवशी शिपायांनी पुस्तकातलं ते चांदणीचं पान उघडून माझ्यापुढं ठेवलं. "माझं चुकलं असंल तर दाखवा सर."

"चुकलं नाही," मी म्हणालो.

काल गप्प का बसलात, हे त्यांनी मला कधीच विचारलं नाही.