दुपारच्या क्लासची बॅटरी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे पुठ्ठ्यावरचा कंप्युटर. चैत्रातली संध्याकाळ होती. बायको ओसरीवर मांडी घालून बसली होती, अन् मांडीवर पंख्याच्या खोक्याचा पुठ्ठा. कंप्युटरचा क्लास शिकवणाऱ्या पोरीनं त्यावर कंप्युटरवर असतात तशी सगळी इंग्रजी अक्षरं काढून दिली होती. माझ्यापुढं खताचं रिकामं पोतं. पोत्यावरची अक्षरं मी ओळीनं सांगायची अन् तिनं पुठ्ठ्यावर ती बोटानं दाबायची, असा हुकूम होता. परीक्षा पंधरा-वीस दिवसांवर आली होती.

मी मराठी चौथी. इंग्रजी अक्षरं पाहिलेली होती, पण नाव एकाचंही माहीत नव्हतं.

"विळा," मी म्हटलं.

"मुठीचा का बिनमुठीचा?"

"म्हंजे?"

"दोन विळे हायेत जी. एकाले आतून मूठ हाय."

मी पोतं डोळ्यांजवळ नेलं. "बिनमुठीचा. मंग भाकर."

"साधी का शेपटीवाली?"

"भाकरीले शेपटी कायले राहीन?"

"तुमी चौथीतच काऊन अडकले ते आता समजलं," ती म्हणाली. ती सातवी पास होती. चाळीस वर्षं मी हे ऐकत आलो.

मीही सोडलं नाही. "अन् हे अक्षरं अशी काऊन मांडली? किराणा दुकानातले डबे पडल्यावानी."

"ज्यानं मांडली त्याले विचारजा. फुडचं सांगा."

पुढची शिडी होती. मग उभा साप. अंधार पडेपर्यंत आम्ही अख्खं पोतं टाइप केलं.

आमच्या गावात समाजमंदिरात सरकारी कंप्युटर आला तेव्हा बायकांनी त्याला हळदकुंकू लावलं. सरपंच त्याच्यावरच नारळ फोडत होता, क्लासच्या पोरीनं हात धरला म्हणून मशीन वाचलं. ही पोरगी हिंगणघाटहून एसटीनं यायची. सकाळी शाळेतली पोरं शिकायची, संध्याकाळी जवान माणसं त्यात पत्ते खेळायची. बायकांनी वेळ मागितली तर त्यांना दुपारी बारा ते दीड मिळाली, अन् दहा ते चार गावात विजेची लाइनच नसायची. दिलं ते असं दिलं, की देणाऱ्याचं काही जाऊ नये.

एक महिना नऊ बायका बंद कंप्युटरसमोर बसल्या. पोरगी काळ्या काचेवर बोट ठेवून सांगायची, इथं हे दिसतं, तिथं ते दिसतं. बायका मान हलवायच्या.

मग एक दिवस बायको आमच्या जुन्या ट्रॅक्टरपाशी उभी राहिली. "हे बॅटरी दिवसभर काय करते?"

"आराम करते."

"तुमच्यावानी," ती म्हणाली, अन् ठरलं.

समाजमंदिरात इन्व्हर्टर होता, पण त्याची बॅटरी चोरीला गेली होती. तेव्हापासून रोज मी ट्रॅक्टरची बॅटरी सायकलच्या कॅरियरवर घालून न्यायचो अन् दीडला परत आणायचो. तिथं ठेवली असती तर संध्याकाळी जवान पोरांनी पत्त्यांत संपवली असती. ती मागून एका हातानं बॅटरी धरायची. दुसऱ्या हातात छत्री, ती बॅटरीवर. उन्हानं बॅटरी लवकर मरते असं पोरीनं सांगितलं होतं. माझ्या डोक्याबद्दल पोरीनं काही सांगितलं नव्हतं.

पानठेल्यावरची माणसं म्हणायची, "पाहा, कंप्युटरचा बैल चालला."

मी म्हणायचो, "मले जुंपणारी तरी हाय. तुमाले तर घरी कोनी दावणीले बी बांधत नाई."

एकदा तिला विचारलं, पास होऊन काय करशील या वयात. म्हणाली, सर्टिफिकेट भिंतीवर लावीन, या घरच्या भिंतीवर नुसता तुमच्या बापाचा फोटो हाय.

पुठ्ठ्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या छातीत कळ आली. जीपनं सावंगीच्या दवाखान्यात नेलं. खिडकीमागचा माणूस कंप्युटरवर तिचं नाव टाकत होता. घामानं भिजली होती, तरी माझ्या कानाशी आली.

"एका बोटानं करून राह्यला," ती म्हणाली.

दोन दिवसांनी तिला घरी आणलं ते झाकून.

तेरवी झाली त्या संध्याकाळी राहिलेल्या आठ बायका अन् ती पोरगी ओसरीवर येऊन बसल्या. वांग्याची भाजी चांगली झाली, म्हणाल्या. दारातल्या निंबाची सावली थंड हाय, म्हणाल्या. तासभर निंबच चालला. शेवटी पोरगी बोलली.

"काका, उद्या बाराले परीक्षा हाय. वर्ध्यावरून साहेब येतीन. नाई झाली तर मशीन परत घेऊन जातीन."

"मंग बॅटरी पायजे म्हना ना. निंबाले कायले तरास देता?"

"तुमच्या घरी दुःख हाय भाऊजी," शेजारीण म्हणाली. "कोन्या तोंडानं मागावं?"

"दुःखाले बॅटरी लागत नाई," मी म्हटलं. पण देतो असं म्हटलं नाही. त्या गेल्या. मनात आलं, नेऊ दे मशीन. ती नाही, तर ते राहिलं काय अन् गेलं काय.

सकाळी उठलो तोही त्याच हट्टात. दहापर्यंत लाइन होती. सहज बॅटरीची बुचं उघडून पाहिली, पंधरा दिवसांत पाणी खाली गेलं होतं. ते भरलं. भरलं म्हणून चार्जरला लावली. लावली म्हणून लाइन जायच्या आत काढली, अन् काढली म्हणून सायकलवर चढवली. मागून धरायला कोणी नव्हतं, दोरीनं करकचून आवळली.

समाजमंदिरात तारा जोडल्या. काच उजळली. बायकांच्या वेळेला पुरुषांनी आत थांबायचं नाही, हा नियम हिनंच करून घेतला होता. मी बाहेर चपलांपाशी, खिडकीखाली बसलो. आत साहेब हजेरी घेत होते. चार बायकांनी "हजर" म्हटलं. पाचवं नाव हिचं होतं.

"गैरहजर," साहेब म्हणाले.

मी खिडकीतून मुंडकं आत घातलं. "गैरहजर नका लिहू साहेब. लाइन नव्हती तवाबी तिनं एक नागा केला नाई. मेली म्हनून लिहा."

साहेबानं कागद माझ्याकडं फिरवला. "बाबाजी, यात दोनच रकाने आहेत. हजर अन् गैरहजर."

"मंग दोन्ही कोरे ठेवा," मी म्हटलं.

त्यांनी बायकांकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं, अन् पेन खालच्या ओळीवर नेऊन सहावं नाव घेतलं.