सायकलचं मीटर मला गाव सोडायला लावायलंय

मंडळी, काहीतरी सांगा. माझं डोकं चालंना.

मधी छातीत दुखलं, तवा लेकीनं बजावलं, "बाबा, रोज धा किलोमीटर सायकल चालवा, न्हाईतर माझ्याकडं पुण्याला चला." वर सायकलला मीटर लावलं. रोज त्याचा फोटो मागती.

आज ताडकळसच्या बाजाराला जाऊन आलो, बारा किलोमीटर. मीटर म्हणतंय तीन!

मीटर ज्याच्यावरनं फेरे मोजतंय ते चाकाच्या तारेवरचं चुंबक सरकवलं, सेल बदलला. चाक फिरवलं की कवा मोजतंय, कवा न्हाई.

शेवटी ताडकळसच्या पाटीपाशी काढलेला सायकलचा फोटो धाडला. तर म्हणती, "टेम्पोत टाकून नेली असंल. रविवारी न्यायला येते."

आमची म्हैस दुसऱ्या कुणाला धार काढू देत न्हाई. रविवारच्या आत हे मीटर नीट कसं करायचं, कुणाला ठावं हाय का?