चांगल्या घरचा देव

“मुलगा चांगल्या घरचा आहे हो, प्रत्यक्ष देव,” असं म्हणून काका टाय सरळ करायचे आणि काचेच्या कपाटाला खेटून उभे राहायचे. आत एक ग्रीक घडा होता. घड्यावर देव एका मुलीला उचलून नेतोय आणि ती मैत्रिणींकडे हात पसरतेय. काकांचा ब्लेझर बरोबर त्या हातावर यायचा.

काका मोटार कंपनीतून रिटायर झालेले. रविवारी ट्रॉय नावाच्या अमेरिकन उपनगरातून ड्राइव्ह करून म्युझियममध्ये यायचे आणि मराठी मंडळाच्या लोकांना फुकट टूर द्यायचे. असे काका तुम्हीही पाहिले असतील. देवानं कुणालाही पळवलेलं असो, यांचं उत्तर तयार: “आपलं रुक्मिणीहरणच की.” सगळे खूश.

मी तेव्हा विद्यार्थिनी, हातात झेरॉक्स पत्रकं. आमची मागणी साधी होती. घड्याखालच्या पाटीवर ‘प्रेमाराधन’ आहे, तिथे ‘अपहरण’ लिहा. काकांनी पत्रक चष्म्यावरून वाचलं.

“बेटा, ग्रीक लोक हे लग्नाच्या भांड्यांवर काढायचे. शुभ मानायचे.”

“कोण मानायचं, काका? ती?”

“तू फार अँग्री आहेस.”

होतेच. चित्रकारानं हात पसरलेला काढायचा आणि बघणाऱ्यांनी त्याला लाजणं म्हणायचं, हे शतकानुशतकं चाललंय. राग यायला एवढं पुरे.

एका रविवारी त्यांची मुलगी आली. ती माझ्याच कॉलेजात. पत्रकाचा अर्धा मजकूर तिचा. काकांना त्याचा पत्ता नव्हता. ते रुक्मिणीवर आले, तशी ती म्हणाली, “बाबा, रुक्मिणीनं स्वतः निरोप धाडला होता, मला न्यायला ये म्हणून. हिनं कुणाला बोलावलंय?”

“अगं, मुलगा चांगल्या घरचा...”

“मलाही हेच म्हणालात. मंडळाच्या सेक्रेटरींच्या मुलानं काय केलं ते सांगायला आले होते, तेव्हा.”

मंडळी लगबगीनं पुढच्या दालनात गेली. अशा वेळी आपल्या लोकांना कलेची फार ओढ लागते.

पुढच्या रविवारी काका कपाटापासून लांब उभे राहिले. टाय नव्हता. मुलगी आली नव्हती.

“काका, स्टोरी सांगा ना,” एक काकू म्हणाल्या.

“ती हाका मारतेय,” काका म्हणाले. मग त्या हाताकडे बोट दाखवून, “कुणी येत नाहीये.”

त्यानंतर ते टूर द्यायला आले नाहीत. पाटीवर अजून ‘प्रेमाराधन’च आहे. पण कपाटाला खेटून आता कुणी उभं नसतं. हात दिसतो.